डँडेलियन ओळखावं दांड्यावरून

पिवळं फूल आणि उडणारी म्हातारी एवढ्यावरून फोटोखाली ‘डँडेलियन’ लिहिणं घाईचं आहे. म्हातारी तर आपल्या रस्त्याकडेच्या एकदांडीलाही येते. पण तिच्या कडेच्या पाकळ्या पांढुरक्या, आणि तोडली तरी डँडेलियनसारखा पांढरा चीक नाही. डँडेलियनचा दांडा जमिनीलगतच्या पानांच्या झुबक्यातून थेट वर येतो: पोकळ, बिनपानांचा, टोकाला एकच फूल. तेही खरं तर अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ. प्रत्येक पिवळ्या पट्टीच्या टोकाला भिंगातून पाच दाते दिसतात.

कोणी म्हणेल, चीक आणि जमिनीलगतची पानं पाथरीलाही असतात. असतात, पण तिचा दांडा फाटे फोडतो. शिवाय डँडेलियन थंड हवेचा गडी, भारतात मुख्यतः हिमालयातला. तेव्हा नाव विचारताना दांड्याचाही फोटो टाका.