रद्दीतून वाचलेला वेताळ

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले, तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसला पाच वर्षं झाली होती. विदर्भातून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं कारखान्याच्या क्वार्टरांत रुळत होती. आम्हा मुलांची शाळा हिंदी, खेळ हिंदी. मराठी वाचायला मिळायचं ते नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून. त्यात आईसाठी मासिकं असत आणि आमच्यासाठी १९५२ पासून मराठीत निघणारा ‘चांदोबा’, पुढे १९७१ पासून बालभारतीचा ‘किशोर’. पण हिसकाहिसकी व्हायची ती वेताळ आणि मँड्रेकच्या मराठी इंद्रजालसाठीच.

१९७६ मध्ये त्यात बहादूर आला. आबिद सुरतींनी रचलेला, गोविंद ब्राह्मणियांनी चितारलेला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा. वेताळाचं जंगल कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. चंबळ मात्र तेव्हा आमच्याच राज्यात होती. बहादूरचे अंक आमच्याकडे सर्वांत जास्त फाटले, ते त्यामुळेच. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं.

हे अंक आज इतके दुर्मीळ का झाले, याचं उत्तर मला ब्रिटिश कॉमिक्सच्या इतिहासात सापडलं. ‘डँडी’ १९३७ मध्ये आणि ‘बीनो’ १९३८ मध्ये सुरू झालं. लगेच महायुद्ध आलं, घरोघरचा जुना कागद युद्धासाठी गोळा झाला आणि साप्ताहिक अंकांचा लगदा झाला. पुठ्ठ्याच्या बांधणीची, नाताळला भेट म्हणून मिळणारी वार्षिकं त्या मानाने जास्त टिकली. आपल्याकडे तेच झालं. ‘किशोर’चा जाडजूड दिवाळी अंक कपाटात जपून राहिला, पातळ इंद्रजाल वर्तमानपत्रांबरोबर तराजूत गेलं. शिवाय ‘किशोर’मागे संस्था उभी होती, म्हणून त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर आज कोणालाही वाचता येतात. मराठी इंद्रजालला असा वाली मिळाला नाही. संग्राहकसुद्धा आधी इंग्रजी प्रत शोधतात, हे मला मनापासून खटकतं.

भिलाईत या अंकांचा खरा काळ ठरली ती निवृत्ती. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. बोरसीसारख्या वस्त्यांत स्वतःचं घर बांधून राहायला जाताना माळ्यावरची पेटी उघडली जाते आणि कबाडीवाला दारातच उभा असतो. माझा संग्रह वाढला तो अशाच दारांतून. ओळखीच्या घरी सामान हलणार असं कळलं की मी आधी जाऊन पेटी बघतो.

मिळालेला अंक लगेच चाळायचा नाही. पिना गंजलेल्या असतात आणि गंजाचा तांबूस डाग मधल्या पानांत उतरलेला असतो. चिमट्याने पिनांची टोकं सरळ करून त्या अलगद काढायच्या आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवायचा. सेलोटेप कधीही लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांसकट कागद खातो. एका बहादूरच्या अंकाला कोणा आईने गोधडीच्या दोऱ्याने शिवलंय, टाके मोठे पण घट्ट. मुखपृष्ठावर बॉलपेनने मुलाचं नाव, इयत्ता आणि क्वार्टर ज्या वसाहतीत होतं तो सेक्टर. बाजारात अशा प्रतीला कमी भाव येतो. माझ्या लेखी कोऱ्या प्रतीपेक्षा ती मोलाची आहे, कारण भिलाईत मराठी कोण, कुठे वाचत होतं याची नोंद तिच्याशिवाय कुठे सापडणार?

म्हणून मी आता अंकांच्या क्रमांकांबरोबर त्यांवरचे सेक्टरही वहीत लिहून ठेवतो. सत्तरच्या दशकातले अंक बरेचसे लागले आहेत. शेवटच्या दोन-तीन वर्षांचे मराठी अंक मात्र अजून हाती आलेले नाहीत. त्यांच्यासाठी नागपूरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे चौकशी चालू आहे.