वडगाव : घरात माग, दारात बेळगाव

शहापूरच्या नाथ पै चौकातून पुढं निघालं की शहापूर कुठं संपलं आणि वडगाव कुठं लागलं, हे नवख्याला कळत नाही. दुकानाला दुकान, भिंतीला भिंत. एकेकाळी मात्र एवढ्या अंतरात संस्थान बदलायचं. बेळगाव शहर आणि छावणी इंग्रजांची, शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं, तर माधवपूर-वडगाव कुरुंदवाडच्या थोरल्या पातीचं. बाजाराला निघालेला माणूस सकाळभरात तीन अमलांतून फिरून यायचा. मार्च १९४८ मध्ये ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि वडगाव बेळगावचं उपनगर म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

उपनगर म्हणायचं ते महापालिकेच्या कागदावर. पाटील गल्ली, विष्णू गल्ली, कारभार गल्लीत अजून पत्ता घरमालकाच्या नावानंच विचारावा लागतो.

या गल्ल्यांची कमाई दोन गोष्टींवर चालत आली : माग आणि भात. शहापूर, खासबाग, वडगाव हा सलग विणकरांचा पट्टा. हातमाग गेले, यंत्रमाग आले, पण कारखाना घरातच राहिला. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. बाई स्वयंपाक आवरून कांड्या भरायला बसते, ताण्याचा धागा तुटला की घरधनी माग थांबवून गाठ मारतो. खटखट अचानक थांबली तर शेजारीही विचारतात, वीज गेली की सूत संपलं? सुरतेच्या स्वस्त साड्यांनी या धंद्याचं कंबरडं मोडलं आणि कित्येक माग भंगारात गेले.

शिवाराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरची काळी जमीन बेळगावी बासमतीची. भात निघालं की उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. येळ्ळूर रोड आणि धामणे रोडच्या बाजूनं वसाहती वाढल्या, त्या अशा जमिनींच्या अंगावर. घरं आली, त्यांचं सांडपाणी आलं, बळ्ळारी नाला गाळानं आणि जलपर्णीनं तुंबला. पावसाळ्यात तो पात्र सोडून शिवारात शिरतो, पीक कुजतं, शेतकरी पुन्हा पेरतो. त्यात हलगा-मच्छे बायपासचं भूसंपादन आलं. पिकाऊ जमीन देणार नाही म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टातही गेले. खरं तर शहरानं वडगावच्या गल्ल्यांना फारसा धक्का लावला नाही. त्याची भूक शिवारावर आहे.

गल्ली टिकली आणि शिवार आटलं, हे आषाढात मंगाई देवीच्या यात्रेला स्पष्ट दिसतं. यात्रेआधी देवीला गाऱ्हाणं घातलं जातं, वार पाळले जातात. त्या दिवशी शेतकामाला हात लावायचा नाही. नोकरदार घरांना बंद ठेवायला शेतकाम उरलेलंच नाही, पण वार तेही पाळतात. यात्रेच्या मंगळवारी माहेरवाशिणी ओटी भरायला येतात, पैपाहुण्यांनी घरं भरतात. चारचाकी आत शिरत नाही. गाडी लांब लावून नारळ, हार आणि पोरांना सांभाळत देवळापर्यंत चालत जावं लागतं, मग पाहुणा शहापूरचा असो की पुण्याचा.

एरवी याच रस्त्यांवर सकाळी उद्यमबागच्या कामगारांच्या दुचाकी, शाळांच्या रिक्षा आणि येळ्ळूर रोडवरच्या केएलई शताब्दी रुग्णालयाकडं निघालेली माणसं यांची गर्दी असते. पलीकडच्या रिकाम्या शेतात प्लॉटसाठी दगड रोवलेले दिसतात, आणि दोन दगडांच्या मध्ये कुणीतरी यंदाही मसूर पेरलेला असतो.