नोकरी शेजारी, खबर दुसऱ्याच्या दारी

नागपूरच्या धंतोलीत शिरले की ओळीने पाट्या दिसतात. हृदयरोग, अस्थिरोग, बालरोग, रक्त तपासणी, सोनोग्राफी. विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून रुग्ण येथे येतात. दवाखान्यांची दाटी इतकी वाढली की पार्किंग आणि रहदारीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. याच धंतोलीला लागून तकिया वस्ती आहे. रेल्वेरुळाच्या पलीकडे जाटतरोडी, इमामवाडा, रामबाग आहे. हे सारे पायी चालण्याचे अंतर! तरीही वस्तीतला पदवीधर मुलगा नोकरीसाठी पुण्याची गाडी पकडतो आणि त्याची आई शेजारच्याच दवाखान्यात फरशी पुसते. असे का व्हावे, याचा विचार आपण करणार आहोत की नाही?

सरकारी जागा जाहिरात देऊन भरली जाते. तिला तारीख असते, बिंदुनामावली असते, अन्याय झाला तर दाद मागता येते. घटनेच्या कलम १६(४) चे संरक्षण या सरकारी जागांपुरतेच आहे. खाजगी दवाखान्यातली जागा मात्र बहुधा तोंडी खबरेवर भरते. रिसेप्शनवरची मुलगी नोकरी सोडून गेली, हे आधी कुणाला कळते? आत काम करणाऱ्याला. तो आपल्या भाच्याला सांगतो, मेहुणीला सांगतो. ज्यांची माणसे काउंटरवर, लॅबमध्ये, हिशेबात बसली आहेत त्यांच्या घरी तिथल्या जागांची खबर पोहोचते. आमची माणसे झाडूवर आणि गेटवर आहेत, म्हणून आमच्या घरी झाडूची आणि गेटचीच खबर येते. दारावर जातीची पाटी लावण्याची आता कुणाला गरज उरलेली नाही. खबर अडवली की माणूस आपोआप अडतो.

हे दुखणे जुने आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी त्यावर नेमके बोट ठेवले होते. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून राबतो, पण त्याला साधा पोर्टर होता येत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य त्याला घरात चालत नाही. गिरण्यांत विणकाम खात्याचे दार आमच्यासाठी बंद होते. नागपुरातली एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. गिरणीच्या काळात कामावर घेणारा जॉबर होता, आज ठेकेदार आहे. नाव बदलले, पण ओळखीशिवाय आत जाता येत नाही ही रीत तशीच राहिली.

ही रीत मोडण्यासाठीच सेवायोजन कार्यालये होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि त्यांच्याच कार्यकाळात, १९४५ साली, या कार्यालयांची उभारणी सुरू झाली. पुढे १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवरही रिक्त जागा कळवण्याचे बंधन घातले. पण जागा कळवायची एवढेच बंधन होते. कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवाराला घेण्याचे नव्हते. पळवाट कायद्यातच ठेवलेली होती. तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला.

‘गुणवत्ता असेल तर नोकरी मिळतेच’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली याची परीक्षाच घेतली. खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता तीच, आडनावे वेगळी. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या जेमतेम दोन तृतीयांश निघाली! जाहिरात निघाल्यावर ही गत, तर जिथे जाहिरातच निघत नाही तिथे काय होत असेल?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात एक वही ठेवा. वस्तीतून धंतोलीत कामाला जाणाऱ्या प्रत्येक मावशीला, भावाला विचारा: तुमच्याकडे कोणती जागा रिकामी झाली, पात्रता कोणती, पगार किती, कुणाला भेटायचे? दुसऱ्या पानावर वस्तीतल्या मुलामुलींची नावे आणि त्यांचे शिक्षण लिहा. दर रविवारी दोन्ही पाने जुळवा. फरशी पुसणाऱ्या मावशीला कमी लेखू नका. आतली खबर आणणारी आपली पहिली वार्ताहर तीच आहे.

मात्र खबर मिळाली तरी पात्रता हवी. बारावीनंतर ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशापूर्वी संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः तपासा. चकचकीत पत्रकावर विसंबून आईबापाचे पैसे बुडवू नका. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे नियमाने बंधनकारक आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे आणि त्यातल्या ट्रेडमध्ये लॅब टेक्निशियनचाही समावेश आहे. किती दवाखान्यांकडे आपण हे लेखी मागितले? नोकरी लागली तर नेमणूकपत्र मागा. २० किंवा अधिक कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधीचा हक्क सोडू नका.

कुणी म्हणेल, वही लिहीत बसलो तर खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी मागे पडेल. आम्हाला उलट वाटते. २००४ साली केंद्रातल्या सरकारने किमान समान कार्यक्रमात या विषयावर चर्चेचे आश्वासन दिले, पुढे उद्योगपतींनी स्वेच्छेने आचारसंहिता काढली आणि आरक्षणाचा कायदा तेवढा राहून गेला. पुढच्या वेळी मागणी घेऊन जाताना आपल्या हातात नुसती घोषणा असू नये. एका वर्षात किती जागा निघाल्या, आपले किती पात्र अर्ज गेले, किती घेतले, किती नाकारले, याचा तारीखवार हिशेब असावा. वहीमुळे काही घरांत पगार येईल. ज्यांना नाकारले त्यांची नोंद समाजाचा पुरावा होईल. दोन्ही कामे एका रुपयाच्या पेनाने होतात. सुरुवात कोणता विहार करतो, एवढेच पाहायचे आहे.