इम्प्लांटला कीड नाही, तरी फ्लॉस हवाच

दाताच्या जागी हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या इम्प्लांटला कीड लागत नाही. धोका असतो तो भोवतालच्या हिरडीला आणि हाडाला. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते बहुतांशी त्याला समांतर जातात, धातूत रुतत नाहीत. त्यामुळे तिथली पकड सैल राहते आणि जंतूंचा थर सहज खोल उतरतो. आधी हिरडी सुजते, घासताना रक्त येते. या टप्प्यावर नीट स्वच्छता ठेवली तर ती पूर्ववत होऊ शकते. हाड झिजू लागले की ते सहसा आपोआप भरून येत नाही, आणि फारसे दुखत नसल्याने हे कळतेही उशिरा.

ब्रशचे केस दोन दातांमधल्या फटीत पोहोचत नाहीत, म्हणून रोज फ्लॉस. जाड, स्पंजासारखा फ्लॉस इथे बरा. त्याचे ताठ टोक ब्रिजखालून, म्हणजे जोडून बसवलेल्या कृत्रिम दातांखालून, ओवता येते. दोरा हिरडीत खुपसू नये, कडेला टेकवून हलक्या हाताने फिरवावा. इम्प्लांटचे खडबडीत आटे उघडे पडले असतील तर मात्र दोऱ्याचे धागे तुटून अडकतात आणि तेच सूज वाढवतात. तिथे प्लास्टिकचे आवरण असलेल्या तारेचा बारीक ब्रश वापरावा. रक्त दिसले तर सफाई थांबवू नये. दंतवैद्याला लगेच दाखवावे.