नवी जीप की पुनर्बांधणी केलेली जुनी?

भारतात ‘जीप’ हा शब्द एका विशिष्ट वाहनाचे नाव म्हणून आला आणि पाहता पाहता सामान्यनाम होऊन बसला. डांबरी रस्ता जेथे संपतो तेथून पुढे जाणारे, चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरविणारे कोणतेही वाहन खेड्यापाड्यांतून याच नावाने ओळखले जाते. अशा वाहनाची गरज असणाऱ्या माणसापुढे आज एक जुनाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहतो. कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले वाहन घ्यावे, की एखाद्या कुशल कारागिराने सुटे करून पुन्हा बांधलेले जुने वाहन घ्यावे? दोहोंच्या किमतींत मोठे अंतर असते. परंतु हा प्रश्न केवळ किमतीचा नाही. घाटात ब्रेक लागतील की नाही, अपघातानंतर विमा मिळेल की नाही आणि ज्या गाडीवर कुटुंबाचे पोट अवलंबून आहे ती ऐन हंगामात चालू राहील की नाही, या सर्व गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात.

पूर्वपीठिका

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर लष्कराला नको झालेल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि भारतातही त्या नागरिकांच्या हाती आल्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली आणि पुढे तेच वाहन येथे तयार होऊ लागले. त्याचा मूळ आराखडा इतका साधा होता की काही दशके त्यात मोठा बदल करावा लागला नाही. परिणामी, एका गाडीचा भाग दुसरीला बसतो, हे जीपचे वैशिष्ट्यच ठरले. पुनर्बांधणीचा धंदा उभा राहिला तो या अदलाबदलीच्या सोयीवर.

१९८५ साली मारुती कंपनीने ‘जिप्सी’ बाजारात आणली. हलकी, पेट्रोलवर चालणारी आणि डोंगरात चपळ असलेली ही गाडी पुढे लष्कर, पोलीस व वनखाते यांच्या सेवेत मोठ्या संख्येने दाखल झाली. २०१९ साली सुरक्षिततेचे नवे नियम लागू झाले, त्या सुमारास नागरिकांसाठी तिची विक्री थांबली. महिंद्र कंपनीची ‘थार’ २०१० साली आली व २०२० साली ती संपूर्ण नव्या आराखड्यावर तयार होऊ लागली. २०२३ साली मारुतीची पाच दारांची ‘जिम्नी’ आली. म्हणजे नव्या गाड्यांची निवड मर्यादित असली तरी ती उपलब्ध आहे. दुसरीकडे, हरियाणा व पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवालीसारख्या गावांत जुन्या जीपगाड्या बांधून देणाऱ्या कारागिरांनी स्वतःची बाजारपेठच निर्माण केली आहे.

सांगाडा आणि यंत्रणा

या वाहनांचा कणा म्हणजे शिडीच्या आकाराची पोलादी चासी. दोन लांब तुळया व त्यांना जोडणारे आडवे दांडे असे तिचे रूप असते. इंजिन, गिअरपेटी व वरचा पत्रा हे सर्व तिच्यावर स्वतंत्रपणे बोल्टांनी बसविलेले असते. गिअरपेटीच्या मागे आणखी एक लहान पेटी असते. ती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांना शक्ती वाटून देते. शिवाय तिच्यात एक मंद गिअर असतो. तो टाकला की चाकांचा वेग घटतो, परंतु त्यांची ओढ कितीतरी वाढते. चिखलातून वर येणे किंवा तीव्र उतारावर ब्रेकवर फारसा भार न देता गाडी आवरणे, हे या मंद गिअरामुळे साधते. नव्या गाड्यांपैकी काही प्रकार दिसायला अगदी तसेच असले तरी केवळ दोन चाकांच्या ओढीचे असतात. थारमध्येही २०२३पासून असा प्रकार मिळू लागला. रूप पाहून गाडी घेणाऱ्याची येथे फसगत होण्याचा संभव असतो.

सर्व भाग बोल्टांनी जोडलेले असल्यामुळे जुनी जीप पूर्ण सुटी करता येते. चासी घासून, वेल्डिंग करून रंगविता येते. इंजिनाचे सिलिंडर पुन्हा कापून नवे पिस्टन व रिंगा बसविता येतात. क्लच, ब्रेकची पाने, स्प्रिंगचे पाटे बदलता येतात. हे काम मनापासून केले तर गाडी खरोखरच दीर्घकाळ सेवा देते. दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंजनहून ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूकडे जाणाऱ्या वाटेवर १९५०च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या सात दशकांनंतरही प्रवासी नेत राहिल्या. त्यांतील अनेक गाड्यांची मूळ इंजिने जाऊन तेथे भारतीय डिझेल इंजिने आली आणि कित्येक सुटे भाग स्थानिक कारागिरांनी हाताने घडविले. तथापि याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. या गाड्या टिकल्या, कारण त्यांचे चालक स्वतःच यांत्रिक होते आणि दर फेरीनंतर काही ना काही दुरुस्ती हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. तरीही त्यांची संख्या घटत गेली व त्यांची जागा नव्या गाड्या घेत गेल्या.

रंगाखाली काय आहे

पुनर्बांधणी या एकाच शब्दाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी विकल्या जातात. एकीत गाडी शेवटच्या बोल्टापर्यंत सुटी केलेली असते. दुसरीत पत्र्यावर पुट्टी भरून चकचकीत रंग दिलेला असतो, रुंद टायर बसविलेले असतात आणि आतील यंत्रणा होती तशीच असते. छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसतात.

फरक ओळखण्याचे मार्ग फारसे अवघड नाहीत. गाडी उचलून चासी खालून पाहावी. स्प्रिंगचे पाटे जेथे चासीला अडकविलेले असतात तेथे गंज आणि तडे प्रथम दिसतात. नुकतेच जाड काळे लेपन केलेले आढळल्यास ते का केले हे विचारावे. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर सकाळी आपल्यासमोर सुरू करावयास सांगावे. ते गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला, तर तेल जळत आहे असे समजावे. तेल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून जोराने वाफारा येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. पुढची चाके हाताने हलवून पाहावीत. ती खडखडत असतील तर वेगात गाडीचे सुकाणू थरथरते. मोकळ्या, भुसभुशीत जमिनीवर चारही चाकांची ओढ व मंद गिअर प्रत्यक्ष टाकून पाहावा. अनेक जुन्या जीपगाड्यांत पुढचा आस केवळ शोभेपुरता उरलेला असतो. अखेरीस, केलेल्या कामाची व बदललेल्या भागांची पावतीवार यादी मागावी. प्रामाणिक कारागिराला ती देताना संकोच वाटत नाही.

कायद्याची बाजू

येथे अनेकांचा हिशेब चुकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. इंजिन बदलावयाचे असेल तर ते त्याच बनावटीचे व प्रकाराचे असावे लागते, आणि त्याची नोंद परिवहन कार्यालयात व्हावी लागते. चासी लांबविलेली किंवा दुसऱ्याच जातीचे इंजिन बसविलेली देखणी जीप म्हणूनच खरेदीदाराच्या गळ्यातील लोढणे ठरू शकते. अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके यावरच बोट ठेवते.

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते व त्याचे शुल्क २०२२पासून बरेच वाढविण्यात आले आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली आणि त्यानंतरही हा विषय न्यायालयापुढे येत राहिला. शासकीय मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर वाढवू नये, त्या मोडीत काढाव्यात, असा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाला; संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेच्या कामातील विशेष वाहनांना त्यातून सूट आहे. तेव्हा सरकारी लिलावातील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गाडीची मूळ लिलावाची कागदपत्रे पाहिल्यावाचून पैसे देणे धोक्याचे असते. चासीवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपत्रातील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहणे, ही खरेदीतील पहिली पायरी होय. गाडी परराज्यातून आणावयाची असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्रही आवश्यक असते.

खर्चाचा ताळेबंद

एक कल्पित उदाहरण घेऊ. नवी गाडी १५ लाखांना पडते, आठ वर्षांनी ६ लाखांना विकली जाते आणि तिच्या देखभालीस वर्षाला २० हजार रुपये लागतात, असे समजू. तिचा आठ वर्षांचा खर्च १० लाख ६० हजार होतो. पुनर्बांधणी केलेली गाडी ६ लाखांना मिळते, ३ लाखांना विकली जाते व वर्षाला ६० हजारांची दुरुस्ती मागते. तिचा खर्च ७ लाख ८० हजार होतो. इंधनाचा फरक सोडून दिला तर जुन्या गाडीत आठ वर्षांत २ लाख ८० हजार, म्हणजे वर्षाला ३५ हजार रुपये वाचतात. नव्या गाडीसाठी लागणारे जादा ९ लाख दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर सुमारे अडीच लाखांचे व्याज पडते आणि वार्षिक बचत ६६ हजारांपर्यंत जाते.

ही बचत लहान नाही. परंतु भाड्याने चालणारी गाडी दिवसाला अडीच हजार रुपये मिळवीत असेल, तर ती दुरुस्तीसाठी वर्षातून २६-२७ दिवस अधिक उभी राहिली की सारी बचत नाहीशी होते. याउलट, जो मालक शेतावर किंवा सुटीच्या दिवशी क्वचितच गाडी बाहेर काढतो, त्याचे गाडी उभी राहिल्याने उत्पन्न बुडत नाही. त्याच्या बाबतीत बचत खरी ठरते. यावरून असे दिसेल की निर्णय गाडीच्या वयापेक्षा तिच्या कामावर अधिक अवलंबून असतो.

पैशांत न मोजता येणारी एक बाब मात्र उरते. २०२० साली नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे मिळाले. पुढच्या आसनांसाठी हवेच्या पिशव्या, चाके जाम होऊ न देणारे ब्रेक व उलटल्यास संरक्षण देणारा पोलादी पिंजरा तिच्यात आहे. जुन्या जीपमध्ये यांपैकी काहीही नसते आणि कितीही कुशल पुनर्बांधणीने ते येत नाही. उलट, नव्या गाडीचे इंजिन विद्युत-नियंत्रित असते. त्यात बिघाड झाल्यास गावातला कारागीर हतबल होतो. संगणक जोडणारे अधिकृत केंद्र दीडशे किलोमीटरवर असेल, तर गाडी तेथवर ओढून न्यावी लागते.

ज्याला रोज मुलाबाळांना किंवा प्रवाशांना घेऊन घाट चढावा लागतो, त्याने शक्य असेल तर नवी गाडी घ्यावी. ते न परवडल्यास पुनर्बांधणीच्या जुन्या जीपऐवजी मूळ स्थितीतील, काही वर्षे वापरलेली अलीकडची गाडी शोधावी. ज्याला दुर्गम भागात बेताच्या वेगाने क्वचित जावयाचे आहे, ज्याच्या जवळपास विश्वासू कारागीर आहे आणि ज्याला स्वतः हात काळे करण्याची तयारी आहे, त्याला निर्मात्याच्या मूळ आराखड्यानुसार बांधलेली व निर्दोष कागदपत्रांची जुनी जीप दीर्घकाळ साथ देऊ शकते. गाडी विकत घेताना तिच्याबरोबर तिच्या देखभालीचा व्यवसायही काही अंशी पत्करावा लागतो. तो आपल्याला झेपेल का, हा प्रश्न खरेदीदाराने प्रथम स्वतःला विचारावयास हवा.