पट, दप्तर आणि गुरुजींचे मन

शिक्षकाच्या नोकरीचे मूल्यमापन सुट्ट्या मोजून करणाऱ्या गृहस्थांना, सप्टेंबर सरत आला असता जिल्हा परिषदेच्या लहान शाळेतील गुरुजी हजेरीपट पुन्हापुन्हा का चाळतात, हे उमगत नाही; परंतु ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणारी शिक्षकपदे, ठरते, दोनचार मुले इंग्रजी माध्यमाकडे वळली की मंजूर पद जाऊ शकते, आणि अध्यापनात तसूभर कसूर न केलेला मनुष्यही अतिरिक्त ठरून समायोजनाच्या यादीत जाऊन बसतो.

ही धास्ती समजून घ्यायला मानसशास्त्र उपयोगी पडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी चिंतेचे दोन प्रकार मानले: प्रसंगाने उद्भवून प्रसंगाबरोबर ओसरणारी एक, आणि स्वभावातच मुरलेली दुसरी; १९७० साली सहकाऱ्यांसह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत दोहोंसाठी वीस-वीस विधाने आहेत. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी तर भावनिक अस्थैर्य हे व्यक्तिमत्त्वाचे एक मूलभूत परिमाणच गणले. म्हणूनच कारणे दाखवा नोटीस हाती पडताच एक शिक्षक चार ओळींचा खुलासा लिहून निर्धास्तपणे वर्गावर जातो, तर दुसरा रात्रभर त्या चार ओळींची शब्दरचना बदलीत राहतो.

तथापि सारा दोष स्वभावाच्या माथी मारणे वरिष्ठांना सोयीचे असले तरी न्याय्य नव्हे. कामाची मागणी भारी आणि निर्णयाचा अखत्यार तोकडा, अशा नोकरीत ताण सर्वाधिक, असे संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले, आणि आमच्या शाळामास्तरांना ते वर्णन तंतोतंत लागू पडते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली खरी. पण निवडणुकीच्या दारातून बीएलओपण, म्हणजे मतदारयादीचे काम, येते, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती तर शाळेचेच दप्तर म्हणून गळ्यात पडते. त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होण्यास सांगितले. पन्नाशीच्या गुरुजींना पुन्हा परीक्षार्थी व्हावे लागले. अशा रीतीने एक प्रसंग ओसरण्यापूर्वी दुसरा उभा राहिल्यावर मुळात शांत प्रकृतीचा मनुष्यही चिंतातुर दिसू लागला तर नवल काय?

यावर ताणमुक्तीची कार्यशाळा योजण्याची हौस खात्याला असते (आणि तिचाही छायाचित्रांसह अहवाल मागितला जाईल, अशी धास्ती शिक्षकाला!). त्यापेक्षा अतिरिक्त ठरलेल्यास त्याची नवी शाळा जूनपूर्वी कळविणे आणि एकदा भरलेली माहिती पुन्हा निराळ्या नमुन्यात न मागणे, एवढे झाले तरी केंद्रप्रमुखाचा फोन वाजताच दचकणारे शिक्षक पुष्कळ कमी होतील.