दीड इंचाचा फरक

वर्तमानपत्रात ‘कार्बाइनमधून गोळीबार’ असे वाचले की, कार्बाइन हे काहीतरी वेगळ्याच जातीचे, महाभयंकर हत्यार असावे असा आपला समज होतो. आमच्या गावाकडे तर ठासणीची असो, छऱ्याची असो की पोलिसाच्या खांद्यावरची असो, सगळ्यांना मिळून ‘बंदूक’ हा एकच शब्द! एन.सी.सी.त आल्यावर मला रायफल म्हणजे काय ते प्रथम नीट कळले. जिच्या नळीत आतून पीळदार खाचा पाडलेल्या असतात ती रायफल. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम भरकटत नाही.

कार्बाइन ही मुळात रायफलच, पण आखूड. घोडेस्वाराला लांब नळी सांभाळणे जड जाई, म्हणून ती आखूड केली. पुढे घोडे गेले, पण चिलखती गाडीतून किंवा हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या शिपायाची अडचण तीच राहिली. (आपल्या पोलिसांची ‘कार्बाइन’ म्हणून जी ओळखली जाते, ती ९ मि.मी.ची, ब्रिटिश स्टर्लिंगच्या धर्तीवर कानपूरला बनलेली. ती पिस्तुलाचे काडतूस उडवते. काटेकोर बोलायचे तर ती सबमशीनगन आहे. पण रूढ झालेल्या नावाला कोण हटकणार?)

लष्करी व नागरी हत्यारांतला फरक पाहायचा तर अमेरिकेतच पाहावा. १९५० नंतरच्या दशकात तेथील आर्मलाइट कंपनीत यूजीन स्टोनर यांच्या आराखड्यावरून एआर-१५ ही रायफल तयार झाली. यातले ‘एआर’ कंपनीच्या नावावरून आले आहे. पुष्कळजण समजतात तसे ते ‘असॉल्ट रायफल’चे लघुरूप नव्हे. १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने तिचे हक्क घेतले. त्याच आराखड्यातून सैन्याची एम-१६ निघाली, आणि १९६४ पासून एआर-१५ या नावाने नागरी बाजारातली रायफलही. एम-१६ ची नळी २० इंचांची. ती आखूड करून सैन्याने १९९४ मध्ये एम-४ कार्बाइन स्वीकारली.

ही एम-४ आणि दुकानातली एआर-१५ शेजारी ठेवल्या तर नवख्याला त्या ओळखू येणार नाहीत. तीच मूठ, तेच ३० काडतुसांचे मॅगझीन. फरक पाहायचा तो नळीत आणि खटक्यात. एम-४ ची नळी साडेचौदा इंच, नागरी रायफलची सहसा १६ इंच किंवा जास्त. हा दीड इंच कारागिराने ठरवलेला नाही, कायद्याने ठरवला आहे! गुंडांच्या टोळ्यांना आळा घालण्यासाठी १९३४ साली तेथे कायदा झाला. कोटाखाली लपेल अशा आखूड रायफलीला नोंदणी व २०० डॉलर कर लावला. मर्यादा आधी १८ इंच होती, ती १९६० मध्ये १६ वर आणली.

खटक्याचा फरक अधिक मोठा मानला जातो. नागरी रायफलीत चाप एकदा ओढला की एक गोळी. एम-४ मध्ये खटका फिरवला की एका ओढीला तीन गोळ्या सुटतात. एम-४ए१ या प्रकारात तर चाप दाबून ठेवला की मिनिटाला ७०० च्या वर गतीने मारा चालू राहतो. मे १९८६ नंतर बनलेली अशी स्वयंचलित हत्यारे अमेरिकन नागरिकाला घेता येत नाहीत.

मग नागरी रायफल निरुपद्रवी झाली का? मला तसे वाटत नाही. सैनिकालासुद्धा एकेक गोळी नेम धरून मारण्याचेच शिक्षण मुख्यतः दिले जाते. सरसकट माऱ्यात नेम हलतो आणि काडतुसे संपतात. १४ डिसेंबर २०१२ रोजी न्यूटाउन गावच्या शाळेत एका तरुणाने २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली, ती याच धर्तीच्या नागरी रायफलीने, एका ओढीला एक गोळी याच रीतीने. पाच मिनिटेही लागली नाहीत.

आपल्या कायद्याने रेघ निराळ्या जागी ओढली. आपण खटक्याबरोबर काडतूसही पाहिले. सैन्याचे काडतूस ज्यात बसेल अशी .३०३ किंवा ७.६२ बोअरची रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. म्हणून इशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल काढली. दिसायला ती जुन्या .३०३ ची बहीणच. पण सरकारी कोठारातून चोरलेले काडतूस तिच्यात बसत नाही, आणि दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो.